मॅरिएटा ते अप्पर सँडस्की: ओहायोच्या सरहद्दीवरून एक फेरी

ओहायोत आलेले आपले बहुतेक पाहुणे हॉकिंग हिल्सचे धबधबे, सिडार पॉइंटचे झोपाळे आणि फार तर डेटनचं विमान संग्रहालय पाहून परततात. हे राज्य ज्या काळात घडलं, त्या साधारण 1772 ते 1795 मधल्या जागा मात्र मक्याच्या शेतांत आणि छोट्या गावांच्या कडेला विखुरल्या आहेत. तिथे पार्किंगसाठी कधी फिरावं लागत नाही. माझ्या वडिलांना इतिहासाची ओढ आहे. ते भारतातून आले असताना आम्ही कोलंबसहून निघून या जागांचा एक मोठा वळसा घातला. कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलाच सल्ला महत्त्वाचा आहे. नुसतं मॅरिएटा पाहून परत येऊ नका. तिथे ओहायोच्या जन्माची गोष्ट फार नीटनेटकी सांगितली आहे, आणि ती खरीही आहे. पण ती अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी पाहायला राज्य आडवं ओलांडून पश्चिमेला जावं लागतं.

मॅरिएटा कोलंबसपासून सुमारे सव्वाशे मैल, दोन तास. मस्किंगम नदी ओहायो नदीला मिळते त्या संगमावर 7 एप्रिल 1788 रोजी रूफस पटनम यांच्यासोबत 48 माणसं उतरली. पटनम स्वतः स्वातंत्र्ययुद्धातले सेनानी, आणि ज्या ओहायो कंपनीने ही वसाहत उभारली तिच्यातही युद्धातले अनेक अधिकारी होते. सरकारच्या तिजोरीत खडखडाट होता. सैनिकांना पगारापोटी मिळालेल्या कर्जरोख्यांना बाजारात जेमतेम भाव होता. तेच रोखे देऊन कंपनीने सरकारकडून जमीन घेतली.

कँपस मार्शियस संग्रहालयासाठी दीड-दोन तास ठेवा. वस्तीभोवती जो तटबंद चौक बांधला होता त्यातलं पटनम यांचं लाकडी घर जागेवर जपलं आहे आणि संग्रहालयाची इमारत त्याच्याभोवती उभी केली आहे. जाड फळ्यांच्या भिंती जवळून पाहिल्यावर घर आणि गढी एकच करायची वेळ या लोकांवर का आली असेल, हे कळतं. जायच्या आधी 1787 च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सविषयी, म्हणजे या नव्या प्रदेशासाठी अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्याविषयी, थोडं वाचून जा. ओहायो नदीच्या वायव्येला गुलामगिरी नको, धर्माचं स्वातंत्र्य हवं, शाळांना उत्तेजन द्यावं अशी मोठी कलमं त्यात आहेत. त्यातच असंही लिहिलं आहे की इंडियन, म्हणजे इथल्या मूलनिवासी लोकांशी कायम पूर्ण सचोटीने वागावं आणि त्यांच्या संमतीवाचून त्यांची जमीन कधीही घेऊ नये. हे एक कलम लक्षात ठेवून पुढचा प्रवास करा. मला तरी त्यामुळे प्रत्येक जागा वेगळी दिसली.

गावातली दुसरी न चुकवण्याजोगी जागा म्हणजे माउंड सिमेटरी. दफनभूमीच्या मधोमध सुमारे तीस फूट उंचीचा, खंदकाने वेढलेला मातीचा टेकाडवजा ढिगारा आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या जुन्या लोकांनी तो रचला. नव्या वसाहतवाल्यांनी तो खणून सपाट केला नाही, राखून ठेवला आणि त्याच्याभोवती आपली माणसं पुरली. पटनम यांची कबरही इथेच आहे. वर जायला पायऱ्या आहेत. वडिलांनी गुडघ्यांमुळे खालूनच पाहिलं, पण खालूनही आकार नीट कळतो. गावाचं सार्वजनिक वाचनालयही अशाच एका प्राचीन उंचवट्यावर आहे. नदीकाठच्या बागेत माउंट रशमोर घडवणाऱ्या गुटझन बोर्गलम यांचं 1938 चं शिल्प आहे. दहा मिनिटं पुरतात.

इथून उत्तरेला जायला दोन वाटा. इंटरस्टेट 77 ने गेलात तर लवकर पोहोचाल. हाती वेळ असेल तर मस्किंगमच्या काठाकाठाने जा. या वाटेवर स्टॉकपोर्टजवळ बिग बॉटम नावाची जागा लागते. 2 जानेवारी 1791 रोजी डेलावेअर आणि वायनडॉट या मूलनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी इथल्या अर्धवट बांधलेल्या ब्लॉकहाउसवर (लाकडी गढीवर) हल्ला करून डझनभर वसाहतवाले मारले. आता तिथे एक छोटा स्तंभ आणि नदीकाठचं गवत आहे. या भागात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, नकाशा आधी उतरवून घ्या.

आता टस्करॉस नदीचं खोरं. न्यू फिलाडेल्फियाजवळ शोनब्रुन आहे. मोराव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या डेव्हिड झाइसबर्गर या मिशनऱ्याने 1772 मध्ये ख्रिस्ती झालेल्या डेलावेअर कुटुंबांसह हे गाव वसवलं. आजच्या ओहायोतली पहिली शाळा आणि पहिलं चर्च इथलं. युद्धाच्या ताणामुळे 1777 मध्ये गाव सोडावं लागलं. आज दिसतात ती लाकडी घरं, शाळा आणि प्रार्थनागृह विसाव्या शतकात पुन्हा बांधलेली आहेत. दफनभूमी मात्र मूळची. मुलांना हे ठिकाण आवडतं, कारण घरांत शिरता येतं. मुख्य हंगाम उन्हाळ्याचा असतो. इतर महिन्यांत वेळा कमी होतात, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करा.

शोनब्रुनपासून दहा-बारा मैलांवर नाडनहुटन. एवढा प्रवास करून एकच जागा पाहायची असेल तर ही पाहा.

हे गावही 1772 चं, मोराव्हियन पंथाच्या इंडियन ख्रिस्त्यांचं. शांततावादी माणसं, युद्धात कुणाच्याच बाजूने न लढणारी. त्यामुळे दोन्ही बाजूंना त्यांचा संशय. 1781 मध्ये ब्रिटिशांच्या बाजूच्या वायनडॉट आणि डेलावेअर योद्ध्यांनी त्यांना जबरदस्तीने सँडस्कीकडे हलवलं. हिवाळ्यात तिथे उपासमार होऊ लागली. शेतात मका तसाच उभा होता. तो गोळा करायला दीडशेच्या आसपास माणसं परत आली. मार्च 1782 मध्ये डेव्हिड विल्यमसनच्या हाताखालची पेनसिल्वेनियाची मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौज, तिथे पोहोचली. सरहद्दीवर झालेल्या हल्ल्यांचा दोष तिने या लोकांवर ठेवला आणि मारायचं की नाही यावर मत घेतलं. थोडेच जण विरोधात गेले. पकडलेल्यांना एक रात्र मिळाली, ती त्यांनी प्रार्थना आणि भजनांत काढली. 8 मार्चला पुरुषांना एका घरात आणि बायकामुलांना दुसऱ्या घरात नेऊन लाकडी हातोड्याने मारलं. 96 जण. त्यांत 39 मुलं. दोन मुलगे निसटले, म्हणून हे कळलं. कुणालाही शिक्षा झाली नाही.

जागा साधी आहे. एक छोटं संग्रहालय, दोन पुन्हा बांधलेली घरं, 1872 मध्ये उभारलेला उंच स्तंभ आणि बाजूला गवताने झाकलेला मातीचा ढीग. मोराव्हियन मिशनरी जॉन हेकवेल्डर यांनी 1798 मध्ये परत येऊन जळक्या घरांतली हाडं गोळा केली आणि इथे पुरली. माझे वडील त्या ढिगापाशी बराच वेळ थांबले. नंतर गाडीत त्यांनी एवढंच विचारलं, "मका आणायला आले होते ना?" दहा-बारा वर्षांखालची मुलं सोबत असतील तर किती सांगायचं हे आधी ठरवा. संग्रहालयातले फलक काहीही झाकत नाहीत, आणि झाकू नयेच. सूडही लगेच झाला. त्याच वर्षी जूनमध्ये डेलावेअरांनी अमेरिकी कर्नल विल्यम क्रॉफर्डला पकडून जिवंत जाळलं. तो नाडनहुटनला नव्हताच.

वीसेक मैल उत्तरेला बोलिव्हर गावाजवळ फोर्ट लॉरेन्स आहे. स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकी सैन्याने आजच्या ओहायोत बांधलेला हा एकमेव किल्ला. 1778 मध्ये बांधला, हिवाळ्यात वेढा पडला, उपासमार झाली आणि पुढच्या वर्षी सोडून दिला. किल्ला उरलेला नाही, मोकळं मैदान आणि अनामिक सैनिकाची समाधी आहे. तरीही इथे थांबा, कारण पुढे 1795 च्या तहात वसाहतवाले आणि जमाती यांच्यात आखलेली सीमारेषा याच जागेजवळून पश्चिमेकडे वळते, आणि फोर्ट रिकव्हरीपाशी ती दक्षिणेकडे वळते.

रात्रीचा मुक्काम न्यू फिलाडेल्फिया किंवा डोव्हरला करा, हायवेलगत नेहमीची हॉटेलं आहेत. शाकाहारी मंडळींनी इथल्या अमिश (जुन्या, साध्या राहणीचा ख्रिस्ती पंथ) पद्धतीच्या जेवणात जपून विचारावं. तिथे घेवड्याच्या भाजीतही बऱ्याचदा बेकन असतं आणि ग्रेव्ही मांसाच्या रसात केलेली असते. ब्रेड, चीज आणि गोड पाय (pie) मात्र उत्तम. रविवारी अमिश दुकानं बंद. आम्ही थेपले आणि दशम्या सोबत घेतल्या होत्या, पश्चिमेकडच्या गावांत त्यांचाच आधार झाला. या भागात गाडी हळू चालवा. वळणावर अचानक समोर घोडागाडी येते.

इथून फोर्ट रिकव्हरी साडेतीन-चार तास. डोंगर संपतात, रस्ते सरळ होतात, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. ऑगस्टमध्ये मका इतका उंच असतो की चौरस्त्यावर आडवी येणारी गाडी दिसतच नाही. प्रत्येक थांब्यावर पूर्ण थांबा.

फोर्ट रिकव्हरी हे इंडियानाच्या सीमेलगतचं छोटं गाव. अमेरिकी सैन्याने मूलनिवासींकडून खाल्लेला सर्वांत मोठा पराभव इथे झाला, तरीही हे नाव फार कुणाला ठाऊक नसतं. 4 नोव्हेंबर 1791 च्या पहाटे या प्रदेशाचा गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअर याचं सैन्य वाबाश नदीच्या काठी तळ देऊन होतं. गाठीशी नीट रसद नव्हती, रंगरूट कच्चे होते आणि सेनापती संधिवाताने बेजार. मायामींचा लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट यांच्या नेतृत्वाखाली अनेक जमातींनी एकत्र येऊन तळाला घेरलं. काही तासांत सहाशेहून अधिक सैनिक मेले. सैन्यामागे आलेल्या बायकामुलांपैकीही अनेक गेले. अमेरिकी काँग्रेसने इतिहासातली आपली पहिली चौकशी नेमली ती याच पराभवाची.

माझ्या मते इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, नकाशासमोर तर नक्कीच. संग्रहालयात लढाईची मांडणी चांगली आहे, दोन ब्लॉकहाउस पुन्हा बांधली आहेत, आणि जवळच 1913 चा शंभर फुटांहून उंच स्तंभ आहे. रणभूमीवर गोळा केलेली सैनिकांची हाडं त्याच्या पायाशी पुरली आहेत. वाबाश इथे एवढी लहान आहे की तिला नदी म्हणावंसं वाटत नाही. या लढाईकडे बहुतेक ठिकाणी सेंट क्लेअरच्या चुकांची गोष्ट म्हणून पाहतात. मला ते अपुरं वाटतं. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या जमातींनी एकत्र येऊन, टेहळणी करून, वेळ साधून केलेली ही मोहीम होती. ऑर्डिनन्समधलं संमतीचं कलम कागदावर असताना वस्त्या पुढे सरकत होत्या, आणि त्याला मिळालेलं हे उत्तर होतं.

दोन वर्षांनी अँथनी वेनने त्याच जागी किल्ला बांधला. वेनची शिस्त वेगळी होती. 20 ऑगस्ट 1794 रोजी उत्तरेला मॉमी नदीजवळ, वादळात पडलेल्या झाडांच्या रानात त्याने जमातींच्या आघाडीचा पराभव केला. ही फॉलन टिंबर्सची लढाई. मागे हटलेले योद्धे जवळच्या ब्रिटिश फोर्ट मायामीसकडे धावले, पण मित्र म्हणवणाऱ्या ब्रिटिशांनी दरवाजे उघडले नाहीत. त्या किल्ल्याचे मातीचे उंचवटे मॉमी गावात अजून दिसतात. रणभूमीची गंमत अशी की दीर्घकाळ सगळे ती नदीकाठच्या सखल भागात आहे असं मानत होते आणि स्मारकही तिकडेच उभारलं. 1995 मध्ये पुरातत्त्व शोधात बंदुकीच्या गोळ्या आणि गणवेशाची बटणं सापडली ती हायवेपलीकडच्या शेतात. आता त्या रानातून चालायला वाट आहे आणि स्मारकाकडे जायला हायवेवरून पादचारी पूल. शेजारी मोठं शॉपिंग सेंटर असल्याने जेवणाची चिंता नाही. उंच गवतात गोचिड्या असतात, लांब पँट घाला.

मध्ये ग्रीनव्हिल राहिलं. फोर्ट रिकव्हरीपासून अर्ध्या तासावर आहे, आधी ते करून मग मॉमीकडे जा. 3 ऑगस्ट 1795 रोजी इथे 12 जमातींनी तहावर सह्या केल्या आणि आजच्या ओहायोचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग दिला. त्याबदल्यात मिळाला 20,000 डॉलरचा माल आणि वर्षाला 9,500 डॉलरचा. युद्ध हरल्यानंतर घेतलेली ही संमती. टेकमसे या तरुण शॉनी योद्ध्याने हा तह मानला नाही. गार्स्ट संग्रहालयात तहाचं दालन आहे, आणि याच तालुक्यात जन्मलेल्या नेमबाज ॲनी ओकलीचंही. घरात कंटाळलेली मुलं असतील तर आधी ओकलीच्या दालनात न्या.

सगळ्याला तीन दिवस हवेत. मेचा शेवट किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. बरीच छोटी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, रविवारी दुपारी उघडतात, हिवाळ्यात काहींना कुलूप असतं. अंतरं तुम्हाला मैलांत किरकोळ वाटतील, पण आडरस्त्यांनी जास्त वेळ लागतो. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, म्हणून अंधाराच्या आत मुक्कामी पोहोचा.

मॉमीहून कोलंबसला परतताना रूट 23 वर अप्पर सँडस्की लागतं. तिथे थांबा. ओहायोत शेवटपर्यंत राहिलेली जमात वायनडॉट. 1843 मध्ये साडेसहाशेहून अधिक माणसांना मिसिसिपीपलीकडे निघून जावं लागलं. आज ओहायोत संघराज्याची मान्यता असलेली एकही जमात नाही. 1824 चं त्यांचं दगडी मिशन चर्च आणि शेजारची दफनभूमी निघताना त्यांनी मेथडिस्ट चर्चच्या स्वाधीन केली होती. सप्टेंबर 2019 मध्ये चर्चने ती जागा ओक्लाहोमाच्या वायनडॉट नेशनला परत केली. चर्च आतून पाहायचं असेल तर उघडण्याच्या वेळा आधी विचारा, त्या फार मर्यादित आहेत. कबरींजवळ मात्र एरवीही जाता येतं. तिथून कोलंबस सव्वा तास.