गोल जास्त मारूनही हरलो!

३० सप्टेंबर २०२३, ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, म्हणजे फुटीची, ग्रँड फायनल. कॉलिंगवूड ९०, आमचं ब्रिस्बेन ८६. चार पॉइंट! आणि गोल मोजा हो जरा, आमचे १३, त्यांचे १२. म्हणजे गोल आम्ही जास्त मारले आणि कप ते घेऊन गेले, हे घरी फोनवर आईला समजावताना माझा जीव गेला, कारण फुटीमध्ये मधल्या दोन खांबांतून बॉल मारला तर गोल, ६ पॉइंट, आणि मधला खांब नि बाजूचा खांब यांच्यामधून गेला तर १, त्याला बिहाइंड म्हणतात, आणि त्यांचे बिहाइंड होते १८, आमचे ८. नेम चुकल्याचं बक्षीसच की हे!

शेवटी आमच्या डॅनिहरने गोल मारला तेव्हा आम्ही सगळे सोफ्यावरून उठलो ते परत बसलोच नाही. मग सायरन. कुणी अंपायरला शिव्या घालतंय, तो फ्री किकचा अ‍ॅडव्हान्टेज (म्हणजे किकसाठी न थांबवता खेळ चालू ठेवणं) द्यायलाच नको होता म्हणे, कुणी टीव्हीकडे पाठ करून उभं. मी तर त्या दोघांच्या मधला, अंपायरवर चिडलेलो पण रिप्ले बघायची हिंमत नाही. मित्र म्हणाला, पुढच्या वर्षी. मी म्हटलं, आज नको ना रे बोलूस.