रंकाळ्याची नोंदवही, दुसरे वर्ष: दुपारचा प्राणवायू आणि पहाटेचा

नववीच्या अकरा विद्यार्थ्यांसह कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचे पाणी तपासण्याच्या आमच्या छंदाला या जानेवारीत दीड वर्ष पूर्ण झाले. या टप्प्याची नोंद लिहिताना सुरुवात एका चुकीपासून करावी लागते, कारण पहिले वर्षभर आम्ही नमुना दिवसाच्या नेमक्या नको त्या वेळी घेत होतो आणि त्यावरून तलावाच्या प्रकृतीविषयी बराच आशावादी निष्कर्ष काढून मोकळे झालो होतो.

शनिवारची शाळा सकाळची असते. त्यामुळे मुले घरी जेवून चारच्या सुमारास घाटाच्या पायऱ्यांवर जमत. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण आम्ही विंकलर पद्धतीने काढतो. ही पद्धत १८८८ सालची असली, तरी इलेक्ट्रॉनिक मीटरपेक्षा ती मला शाळेसाठी अधिक योग्य वाटते, कारण मीटर केवळ आकडा दाखवतो आणि विंकलरमध्ये प्राणवायू डोळ्यांना दिसतो. तीनशे मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली तिरकी धरून बुडबुडा न अडकू देता भरायची, पिपेटने मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड-अझाइड प्रत्येकी एक मिलिलिटर सोडायचे, बूच लावून बाटली अनेकदा उलटसुलट करायची आणि साका खाली बसण्याची वाट पाहायची. प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, अजिबात नसेल तर पांढराच राहतो. त्यानंतर गंधकाम्ल घालण्याचे काम मी स्वतःकडे ठेवले आहे. अझाइड विषारी असल्याने उरलेले द्रावण तलावात न ओतता झाकणाच्या डब्यातून शाळेत परत आणायचे, हा नियम मुले माझ्याहून काटेकोरपणे पाळतात. शाळेत २०१ मिलिलिटर नमुना घेऊन ०.०२५ नॉर्मल तीव्रतेच्या हायपोने (सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाने) टायट्रेशन केले, म्हणजे ते थेंबाथेंबाने मोजून घातले, की ब्युरेट या मोजनळीवरचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम प्राणवायू, असा सरळ हिशेब लागतो. दोनशेवर हा एक मिलिलिटर कशाला, असे प्रत्येक नवी तुकडी विचारते. सुरुवातीला घातलेल्या दोन रसायनांनी तीनशेच्या बाटलीतले दोन मिलिलिटर पाणी बाहेर ढकललेले असते आणि दोनशेच्या वाट्याला त्यातले सुमारे एक येते, हे त्याचे उत्तर आहे.

या पद्धतीने चारच्या नमुन्यांत आम्हाला सातत्याने नऊच्या वरचे आकडे मिळत होते. २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि कोल्हापूर साडेपाचशे मीटरांहून उंच असल्याने येथे ती मर्यादा पावणेआठच्या जवळपास येते. पाण्यात मावतो त्याहून अधिक प्राणवायू सापडतो आहे, ही खरे तर शंका घेण्याची जागा होती. आम्ही मात्र आलेख रंगवून वर्गाच्या फलकावर लावला आणि त्याखाली ‘तलाव सुदृढ’ असे लिहिले. लिहिणारा हात माझाच होता.

शंका काढली ती एका विद्यार्थिनीने. तिचे आजोबा रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारतात. “सर, आजोबा म्हणतात की उजाडायच्या वेळेला मासे पाण्यावर तोंड काढून असतात. एवढा प्राणवायू आहे, तर मग ते असं का करतात?” या प्रश्नावर मी तिला थातुरमातुर काहीतरी सांगितले असते, पण ती वहीत उत्तर लिहून घेण्यासाठी पेन उघडून उभी होती.

जानेवारीतल्या एका रविवारी पालकांची परवानगी घेऊन आम्ही साडेसहालाच घाटावर पोहोचलो आणि दर तीन तासांनी संध्याकाळपर्यंत एकाच पायरीवरून नमुने घेतले. पहिली बाटली वाया गेली, कारण थंडीने बधिर झालेल्या बोटांमुळे बुचाखाली मुगाएवढा बुडबुडा राहिला. दुसऱ्या बाटलीत रसायने सोडल्यावर जो साका बसला, तो पाणचट चहात दूध जास्त पडावे तसा फिकट होता. दुपारी साडेतीनच्या बाटलीतला साका गडद कॉफीच्या रंगाचा झाला. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्यावर मला समजावून सांगण्यासारखे फारसे काही उरले नाही. ब्युरेटवर पहाटेचा आकडा २.३ आला आणि दुपारचा ११.४. सामू (पीएच) पहाटे ७.८ होता, तो दुपारी ९.१ वर गेला.

कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मेंदी भिजवलेल्या पाण्यासारख्या त्या हिरव्या थेंबात मायक्रोसिस्टिस या नील-हरित शैवालाचे बेढब पुंजके भरलेले असतात, आणि त्यांच्या आडून अधूनमधून एखादा सायक्लॉप्स हा इवलासा कवचधारी जीव झटके देत निघून जातो. सांडपाण्यातून येणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस यांवर पोसलेले हे शैवाल उन्हात प्राणवायू सोडते व कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, म्हणून दुपारी सामूही चढतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र सर्वांचेच चालू राहते. त्यात तळाच्या गाळातले जिवाणूही असतात. त्यामुळे सूर्योदयाच्या तोंडावर प्राणवायू सर्वांत कमी होतो. चढलेल्या सामूचा आणखी एक तोटा असा की पाण्यातील अमोनियमचा मोठा हिस्सा माशांना घातक असलेल्या अमोनियाच्या रूपात जातो, म्हणजे माशांना पहाटे एक संकट आणि दुपारी दुसरे.

पारदर्शकतेची नोंद थोडक्यात देतो. इटलीचे जेझुइट खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्रावर वापरलेली तबकडी आम्ही जुन्या सीडीला काळा-पांढरा रंग देऊन आणि खाली नटबोल्टचे वजन बांधून बनवली आहे. दर दहा सेंटिमीटरला गाठ मारलेली सुती दोरी ओली झाल्यावर आखडते, हे उशिरा लक्षात आल्याने पावसाळ्यातील सर्व वाचने रद्द करून आता नायलॉनची दोरी घेतली आहे. तबकडी अर्ध्या मीटरच्या आतच दिसेनाशी होते. कार्लसन यांच्या १९७७ च्या पोषणस्थिती निर्देशांकात अर्धा मीटर म्हणजे ७० गुण, आणि पारदर्शकता निम्मी झाली की दहा गुण वाढतात. पन्नासच्या वर तलाव अतिपोषित समजला जातो.

गाळाच्या चाळणीत लाल अळ्याच अधिक सापडल्या. ही कायरोनोमस माश्यांची पिल्ले असून हिमोग्लोबिनमुळे त्यांचा रंग लाल असतो आणि प्राणवायू तुटपुंजा असलेल्या चिखलातही ती तग धरतात. चतुराची एकही अळी मिळाली नाही, यावर मुलांनी स्वतःहून पहाटेच्या आकड्याकडे बोट दाखवले. पक्ष्यांच्या यादीत वारकरी, टिबुकली, पाणकावळा आणि वंचक आहेत, परंतु ती यादी पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

फलकावरचा आलेख उतरवला आहे. यापुढे महिन्यातून एकदा पहाट आणि दुपार अशी जोडीनेच वाचने होतील, आणि केंदाळ साचलेल्या कोपऱ्यातून वेगळा नमुना घेतला जाईल, कारण पानांच्या दाट थराखाली उजेड पोहोचत नसल्याने तेथे दुपारचा आकडाही वर जाऊ नये, असा मुलांचा अंदाज आहे. एक मीटर खोलीवरचे पाणी आणण्यासाठी दगड बांधलेली बाटली व बुचाला वेगळी दोरी, असे साधन तयार केले आहे. तूर्त बूच निघते, पण आत शिरणारे पाणी बाटलीतल्या हवेशी घुसळले जाते आणि आकडा फुगतो. दरम्यान आजोबांनी खिशात छोटी डायरी ठेवायला सुरुवात केली आहे आणि मासे वर आले की ते घड्याळ पाहून वेळ लिहितात. गेल्या आठवड्यातील त्यांच्या पाच नोंदींपैकी चार साडेसहा ते सातच्या दरम्यानच्या आहेत. पाचवीपुढे त्यांनी ‘चष्मा विसरलो’ असे लिहिले आहे.