इंजिन हवा कुठून घेतं ते आधी बघा

माझा मामेभाऊ कुडाळला असतो आणि आम्हा दोघांना एक नाद आहे, जुन्या अमेरिकन इंजिनांची कोडी घालायचा. एकाने क्लू टाकायचा, दुसऱ्याने इंजिन ओळखायचं. फोटो नाही, रंग सांगायचा नाही, रेल्वेचं नाव शक्यतो नाही. रात्री जेवणं झाली की त्याचा मेसेज येतो आणि दोन तासांनी मागून दुसरा येतो, "गावला काय रे?"

लोक विचारतात की कोकणात बसून अमेरिकेची इंजिनं कशाला. अहो, ती आपल्या दारावरून गेलीत! १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हापासून २०२२ ला सगळीकडे वायर लागेपर्यंत या लाईनवर मुख्य काम डिझेलनेच केलं, आणि त्या डिझेलांची दोन मोठी घराणी अमेरिकनच. डब्ल्यूडीएम-२ हे अल्को या अमेरिकन कंपनीचं डिझाईन, पहिली इंजिनं १९६२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शेनेक्टडीच्या कारखान्यातून आली आणि मग वाराणसीला बनायला लागली, नंतरची डब्ल्यूडीएम-३ए, डब्ल्यूडीजी-३ए ही सगळी त्याच वंशातली. दुसरं घराणं ईएमडी, म्हणजे २००५ पर्यंत जनरल मोटर्सची असलेली इंजिन बनवणारी शाखा, आपल्याकडची डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४. त्यामुळे ज्याने लहानपणी रत्नागिरीला नाहीतर सावंतवाडीला प्लॅटफॉर्मवर उभं राहून इंजिनं बघितलीत त्याचा अर्धा अभ्यास आधीच झालेला आहे.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस आधी नाक बघतो, मग रंग, मग नंबर. रंग बदलतात, नंबर बदलतात, नाकं तर एकसारखी असू शकतात. माझं म्हणणं असं की इंजिन हवा कुठून घेतं आणि गरम हवा कुठून सोडतं ते बघा. डिझेलला जाळायला हवा लागते, रेडिएटर थंड करायला हवा लागते, चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटरला लागते, डायनॅमिक ब्रेक (त्याच मोटरी जनरेटरसारख्या चालवून वेग कमी करायचा) लावला की त्याच्या तापलेल्या ग्रिडला लागते, आणि या सगळ्याची सोय प्रत्येक कारखान्याने आपापल्या डोक्याने केली, ती सोय बॉडीवर दिसते. ती लपवता येत नाही.

आपल्या लाईनवरचंच घ्या. सिंगल लाईन, त्यामुळे क्रॉसिंगला गाडी लूपला लागली की अर्धा तास इंजिन निवांत बघायला मिळायचं. अल्को असेल तर लांब हुडच्या, म्हणजे इंजिन झाकणाऱ्या अरुंद बॉडीच्या, टोकाला बाजूला रेडिएटरच्या जाळ्या आणि वर छपरात एकच भलामोठा पंखा. ईएमडी असेल तर छपरावर एकाहून जास्त पंखे, विजेवर फिरणारे, आणि डब्ल्यूडीजी-४ च्या मागच्या टोकाला रेडिएटर वरच्या बाजूने बाहेर फाकलेले. हाच फरक अमेरिकेत. अल्कोचं १९५० चं आरएस-३ बघा, मागे एक मोठा पंखा. त्याच काळातलं ईएमडीचं एफ-७ बघा, छपरावर ओळीने चार.

मग धूर. स्टेशनातून सुटताना अल्को काळाकुट्ट धूर ओकायचं ते सगळ्यांना आठवत असेल, ड्रायव्हरने नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवला की डिझेल लगेच जास्त येतं पण इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो, तोवर हवा कमी पडते आणि डिझेल अर्धवट जळतं. टर्बोवाल्या ईएमडीला हा त्रास फार कमी कारण कमी स्पीडला त्यांचा टर्बो गिअरने इंजिनच फिरवतं, एक्झॉस्ट पुरेसा झाला की क्लच सुटतो. म्हणून क्लूमध्ये "सुटताना धुराचा लोट" असं आलं की मी आधी अल्कोकडे वळतो, नाहीतर मग जीईची, म्हणजे जनरल इलेक्ट्रिकची, सुरुवातीची यू मालिका. आवाजही तसाच, अल्को फोरस्ट्रोक, उभं असताना अडखळत घोड्यासारखं टपटपतं, आणि ईएमडी टूस्ट्रोक, त्याची घुमणारी एकसलग घरघर. ज्याने उक्शीला पावसात क्रॉसिंगसाठी थांबून हे दोन्ही ऐकलंय त्याला अमेरिकेतली जुनी रेकॉर्डिंग लावली तरी घराणं सांगता येईल, याची मला खात्री आहे.

ईएमडीची एफ मालिका म्हणजे तो सगळ्यांनी खेळण्यात बघितलेला बुलडॉगसारखा चेहरा. पहिलं एफटी, १९३९ चं, त्याचा चार युनिटचा डेमो सेट, ५,४०० हॉर्सपॉवर, वीस रेल्वेंवर ८३,७६४ मैल पळवून दाखवला आणि तिथून वाफेच्या इंजिनाचे दिवस भरले. आता एफटी, एफ-३, एफ-७, एफ-९ यांचा चेहरा इतका सारखा की समोरून बघून फरक सांगणं कठीण. बाजूला या. एफटीला चार गोल खिडक्या एकमेकींच्या जवळ. एफ-३ ला हवेच्या खिडक्यांवर तारेची जाळी. एफ-७ ला, १९४९ ते १९५३ मधलं हे, आडव्या पट्ट्यांची ग्रिल. एफ-९ ला पुढच्या गोल खिडकीच्याही पुढे हवेचं एक जास्तीचं तोंड. बस, एवढंच! पण वर्कशॉपमध्ये ग्रिल बदलले जायचे, तेव्हा एकाच खुणेवर उत्तर ठोकू नका, दोन जुळल्या की बोला. आणि बॉडी बरीच लांब, खाली तीन तीन चाकांच्या जोड्यांच्या बोगी, ज्यातली मधली जोडी नुसती वजन घेणारी, असं असेल तर ते एफ नाही, ई मालिका, पॅसेंजरसाठी, आत १२ सिलिंडरची दोन इंजिनं.

आकडे पण बोलतात. ईएमडीचे ५६७, ६४५, ७१० हे एका सिलिंडरचे घनइंच आहेत, म्हणजे १६ सिलिंडरचं ६४५ असं लिहिलं की गुणाकार करून मोकळे व्हा. जीईच्या यू-२५बी मध्ये २५ म्हणजे २,५०० हॉर्सपॉवर आणि बी म्हणजे दोन एक्सलची, म्हणजे चाकांच्या दोन जोड्यांची, बोगी. अल्कोचं सी-६३० म्हणजे सहा एक्सल, ३,००० हॉर्सपॉवर. फेअरबँक्स-मॉर्स कंपनीचं एच-२४-६६ तर नावातच सगळं सांगतं, २,४०० हॉर्सपॉवर, सहा एक्सल, सहा मोटरी, आणि आत एका सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, हे इंजिन अमेरिकेच्या पाणबुड्यांमध्येही होतं.

जीईचं हे यू-२५बी आलं १९५९ ला आणि त्याने सगळ्यांना हलवलं, कारण त्यात इंजिनरूमला गाळलेली हवा एकाच ठिकाणाहून दाबाने द्यायची सोय होती, धूळ आत जात नाही. त्याला उत्तर म्हणून ईएमडीने १९६१ ला आपल्या चार एक्सलच्या जीपी मालिकेत जीपी-३० आणलं, त्यातही तशीच हवेची सोय, शिवाय टर्बो, आणि हे सगळं वरच्या बाजूला कोंबल्यामुळे केबिनच्या मागून छपराला एक उंचवटा आला. तो उंचवटा दुसऱ्या कुठल्याही जीपीला तसा नाही, लांबून सावली दिसली तरी ओळखता येतं. माझ्या मते ईएमडीच्या सगळ्या हुडवाल्या इंजिनांत देखणं हेच, मामेभावाला ते मुळीच पटत नाही, त्याचं मन ईएमडीच्याच सहा एक्सलच्या एसडी-४०-२ वर.

पण माझा सगळ्यात आवडता क्लू बोगद्यांचा.

डिझेल असताना उक्शी ते भोके दरम्यान करबुड्याच्या बोगद्यातून गेलेल्या माणसाला वेगळं समजावायला नको. साडेसहा किलोमीटर. आई आधीच ओरडायची, खिडक्या लावा रे, तरी डब्यात तो गरम डिझेलचा वास भरायचाच आणि बोगदा संपला की सगळे भराभर काचा वर करायचे. आता विचार करा, डब्यात बसलेल्याची ही गत तर जोडलेल्या इंजिनांत मागच्या इंजिनाची काय होत असेल. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या घाटात सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या गाड्यांना हेच व्हायचं, बोगदे आणि त्यात बर्फापासून वाचवायला लाईनवर बांधलेल्या लांबच लांब शेड. पुढच्या इंजिनांचा गरम एक्झॉस्ट वर छताला साचायचा, मागच्यांचे रेडिएटर तीच हवा ओढायचे आणि इंजिन तापून ताकद सोडायचं. ईएमडीने काय केलं, नेहमीचं एसडी-४५ घेतलं आणि त्याची हवा घ्यायची तोंडं वरून काढून खाली, माणूस चालतो त्या पायवाटेच्या पातळीला आणली, कारण बोगद्यात थंड हवा खाली असते. पंखे पण रेडिएटरच्या खाली गेले. हे एसडी-४५टी-२, १९७२ पासूनचं, मागून धाकटं एसडी-४०टी-२, जे रिओ ग्रांडे रेल्वेनेही घेतलं, त्यांच्या वाटेत तर दहा किलोमीटरचा मॉफट बोगदा. तिकडचे रेल्वेवेडे यांना टनेल मोटर म्हणतात. ओळखायचं कसं, तर मागच्या टोकाला खाली मोठ्या जाळ्या आणि कोनातून बघितलं तर आरपार उजेड. साध्या एसडी-४५ ला मात्र वीस सिलिंडर, ३,६०० हॉर्सपॉवर, एवढं थंड करायला मोठे रेडिएटर हवेत म्हणून ते वर फाकवलेले. आता डब्ल्यूडीजी-४ चं मागचं टोक डोळ्यासमोर आणा!

इलेक्ट्रिकमध्ये डिझेल जळत नाही पण हवा तिथेही सोडत नाही. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचं जीजी-१, १९३४ ते १९४३ मध्ये १३९ बनली, केबिन मधोमध, दोन्हीकडे निमुळतं होत गेलेलं नाक, डिझायनर रेमंड लोवीने रिव्हेट काढून वेल्डिंगची गुळगुळीत बॉडी सुचवली ते. १९५८ च्या फेब्रुवारीत पिठासारखा बारीक बर्फ पडला, तो फिल्टरमधून आत ट्रॅक्शन मोटरपर्यंत गेला आणि ही कधी न थकणारी इंजिनं धडाधड बंद पडली. मग हवेची तोंडं वर, वायरमधून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफच्या जवळ नेली. म्हणजे जीजी-१ च्या फोटोत वर जाळ्या दिसल्या तर फोटो त्या हिवाळ्यानंतरचा. न्यू हेवन रेल्वेचं १९५५ चं ईपी-५ तर कानानेच ओळखायचं, थंड करणाऱ्या ब्लोअरचा आवाज एवढा की त्याला जेट म्हणायचे.

सगळंच हवेवर सुटत नाही, हेही सांगतो. लिटल जो या इलेक्ट्रिक इंजिनाचा क्लू इतिहासातला असतो, जीईने सोव्हिएत युनियनसाठी वीस बनवली, शीतयुद्धात निर्यात अडली, शेवटी बारा मिलवॉकी रोड या रेल्वेला, तीन शिकागोजवळच्या साऊथ शोअर रेल्वेला आणि पाच ब्राझीलला गेली, आणि नाव पडलं जोसेफ स्टालिनवरून. जीईच्या ४४ टनी छोट्या डिझेल इंजिनाचा क्लू कायद्याच्या भाषेतला, १९३७ च्या करारानुसार ९०,००० पौंड किंवा त्याहून जड इंजिनावर ड्रायव्हरसोबत फायरमन ठेवावा लागायचा, म्हणून वजन बरोब्बर त्याच्या आत ठेवलं. असा क्लू आला की मला फार आनंद होतो, लोखंडात माणसांची भांडणं पण वाचता येतात.

काल रात्री मी मामेभावाला टाकलेला क्लू इथेही देतो, त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. आठ एक्सल, चार चारच्या दोन बोगी. आत ६४५ चीच दोन इंजिनं, १६-१६ सिलिंडरची, मिळून ६,६०० हॉर्सपॉवर. लांबी जवळपास ९८ फूट. एकाच रेल्वेने घेतली, ४७ नग, आणि पहिलं आलं त्या वर्षी अमेरिकेची पूर्व-पश्चिम लाईन जुळल्याला शंभर वर्षं झाली होती. पंखे किती असतील ते मोजायचं तुमच्यावर सोडतो, मॉडेल सांगा.