अम्मीच्या कसमेचा कफ्फारा

कसम मोडली की तीन रोजे ठेवायचे, असं आमच्या मोहल्ल्यात बहुतेकांच्या तोंडी असतं. अम्मीही तेच धरून बसली होती. बागेच्या वाटणीवरून मामूशी बिनसलं तेव्हा ती अल्लाहची कसम घेऊन म्हणाली होती, तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. आता मामूच्या मुलीचा निकाह ठरला, मामू स्वतः बोलवायला आला, आणि अम्मीलाही जावंसं वाटत होतं. पण तिला मधुमेह. इन्सुलिन चालू, रमजानचे रोजेही डॉक्टरांनी कायमचे बंद केलेले. मग हे तीन कसे ठेवणार?

मशिदीतल्या मौलानांना विचारलं. कसम घेतल्यावर दुसरी गोष्ट जास्त भली दिसली, तर ती करावी आणि कफ्फारा, म्हणजे कसम मोडल्याचं प्रायश्चित्त, द्यावा, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. अम्मीचं निम्मं ओझं तिथेच उतरलं. मग कुरआनातल्या सूरह माइदाची ८९वी आयत. तीत आधी येतं ते १० गरिबांना जेवू घालणं, किंवा कपडे देणं, किंवा गुलाम मुक्त करणं. यातलं काहीच ऐपतीत नसेल, त्यालाच ३ रोजे. घरात तांदूळ असताना रोजे ठेवून कफ्फारा फिटत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण उपाशी राहिल्याने गरिबाची चूल पेटत नाही.

मुंब्र्याची खाला म्हणाली, पैसे देऊन टाका. तिचं सासर हनफी मताचं, त्यांच्यात धान्याऐवजी किंमत दिलेली चालते. आम्ही कोकणी, शाफई मताचे; ही दोन्ही इस्लामी धर्मशास्त्राची घराणी. आमच्यात धान्यच द्यायचं, तेही १० वेगवेगळ्या माणसांना. प्रत्येकी एक मुद्द, म्हणजे मध्यम हातांची भरलेली ओंजळ. तांदूळ साधारण ६०० ते ७०० ग्रॅम. मौलाना म्हणाले, किलो-किलो द्या, शंका नको.

मी रेशनचा तांदूळ घ्यायला निघाले तर अम्मीने अडवलं. आपल्या घरच्यांना जे खाऊ घालता त्यातलं मध्यम प्रतीचं द्या, असं त्याच आयतीत आहे. तिने रोजच्या जेवणातला उकडा तांदूळ काढला. आधी स्वतःच्या ओंजळीने मोजायला बसली, पण संधिवाताने बोटं जुळेनात, फटींतून दाणे सुपात गळत राहिले. शेवटी काटा आणला.

खरी मेहनत लागली ती माणसं शोधायला. आखाती पैशावर चाललेल्या गावात गरजू पटकन दिसत नाहीत, आणि जे आहेत ते मागत नाहीत. जमातीतल्या एका जुन्या बाईंनी नावं सांगितली. कफ्फाऱ्याचा तांदूळ आहे असं चारचौघांत बोलायचं नाही, एवढंच त्यांनी बजावलं, आणि ते बरोबरच होतं. संध्याकाळी अंधार पडल्यावर मी एकेका घरी पिशवी देऊन आले. शाफई मतानुसार धान्याचा कफ्फारा कसम मोडण्याआधीही देता येतो, रोज्यांचा नाही. त्यामुळे अम्मी मामूच्या घरी गेली ती कफ्फारा देऊनच.

राहिला रमजानचा फिद्या, म्हणजे न ठेवता येणाऱ्या रोज्यांच्या बदल्यात द्यायचं धान्य. तोही दर रोज्यामागे एक मुद्द, पण इथे १० माणसांची अट नाही. महिन्याचा सगळा तांदूळ एकाच गरीब घराला दिला तरी चालतो. फक्त रमजान लागण्याआधी आगाऊ देऊन मोकळं होता येत नाही. अम्मीने घर आत्ताच ठरवून ठेवलंय.