चाकणचा किल्ला बघायला थांबा जरा

गेली सात वर्षं मी भोसरीहून चाकणला कंपनीत जातो. रोज तेच, मोशी टोलनाका, मग पुढे ट्रॅफिक, कंटेनरच्या मागे कंटेनर. चाकण म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते नाहीतर कांद्याचा बाजार. किल्ला कुणालाच आठवत नाही, मलाही पहिली तीन वर्षं माहीत नव्हतं की गावात किल्ला आहे.

संग्रामदुर्ग. भुईकोट आहे, डोंगर नाही, कडा नाही, चढाई तर नाहीच. आणि माझ्या मते हीच त्याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कारण डोंगराची कसलीही मदत नसताना हा किल्ला भर पावसाळ्यात मुघलांशी ५५-५६ दिवस भांडला.

साल १६६०. औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान मे महिन्यात पुण्यात येऊन बसला. त्याला रसद यायची अहमदनगरकडून, आणि चाकण हातात आलं की तो रस्ता सोपा आणि जवळचा होणार. त्या वेळी स्वराज्याच्या उत्तरेच्या हद्दीवरचं ठाणं म्हणजे हेच. १९ जूनला खान पुण्याहून निघाला आणि २१ जूनला चाकणसमोर येऊन त्याने मोर्चे लावले.

आता तेव्हा महाराज कुठे होते बघा. पन्हाळ्यावर, सिद्दी जौहरच्या वेढ्यात. जुलैमध्ये ते निसटले, बाजीप्रभू पडले, ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे आणि असायलाच पाहिजे. पण त्याच पावसात इकडे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी चाकण लढवत होते आणि त्यांना मदत येण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती, हे त्यांनाही माहीत असणारच. तरी दार उघडलं नाही.

मुघलांच्या तोफांनी तट काही पडेना, मग त्यांनी सुरुंगाचं काम काढलं. जमिनीखालून बोगदा खणत खणत ईशान्येच्या बुरुजाच्या खाली जायचं आणि तिथे दारू ठासायची. वरून पाऊस, खाली चिखल, आणि आतून किल्ल्यातले लोक सतत मारा करतायत. मागच्या जुलैत मी मुद्दाम पावसात तिथे गेलो होतो, वीस पावलं चाललो तर बुटाला एवढा चिखल चिकटला की पाय उचलेना, आणि मी विचार करत होतो की या मातीत कुदळ घेऊन आडवं पडून खणायचं म्हणजे काय असेल. आणि आतल्या माणसांना खालून येणारा तो ठोकण्याचा आवाज ऐकू येत असेल का?

१४ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास सुरुंग उडाला. बुरूज आणि त्यावरचे लोक सगळेच उडाले. मुघल खिंडारातून आत घुसायला धावले तर पुढे मातीचा उंच बांध! फिरंगोजींच्या लोकांनी आधीच आडोसा करून ठेवला होता, तिथून त्यांनी गोळ्या, बाण, दगड जे मिळेल त्याचा मारा केला. त्या दिवशी किल्ला पडलाच नाही. मुघलांनी ती रात्र तिथेच तटाखाली काढली आणि सकाळी पुन्हा चढाई केली तेव्हा किल्ला त्यांच्या हातात गेला. उरलेले आतल्या गढीत जाऊन थोडा वेळ लढले, शेवटी मुघलांकडच्या राजपूत सरदाराच्या, राव भावसिंह हाडाच्या, मध्यस्थीने बाहेर पडले.

मुघलांचे २६८ मेले आणि ६०० जखमी झाले, एका भुईकोटासाठी. सपाट जमिनीवर ही अवस्था तर सिंहगड, पुरंदरला काय होईल, हा विचार खानाच्या मनात आला असेलच ना.

खानाने फिरंगोजींना आपल्या चाकरीत घ्यायचा प्रयत्न केला, ते गेले नाहीत, असं सांगतात. पुढे महाराजांनी त्यांना भूपाळगड दिला. किल्ला हरलेल्या माणसाच्या हातात दुसरा किल्ला दिला, यावरून महाराजांनी चाकणकडे कसं बघितलं ते कळतं.

आज काय उरलंय? थोडा तट, काही बुरूज, दरवाजाचे अवशेष, आत दामोदर विष्णूचं देऊळ. खंदक बराचसा बुजलाय, घरं अगदी तटाला येऊन टेकलीत. तटाच्या एका दगडावर कुणीतरी धुतलेली गोधडी वाळत टाकली होती. मला राग नाही आला खरं तर, तिथल्या लोकांची पिढ्यानपिढ्यांची वस्ती आहे, पण आत शिरताना त्या ५५ दिवसांबद्दल चार ओळी वाचायला मिळाल्या तर त्याच घरातली पोरं कॉलर ताठ करून सांगतील की आम्ही कुठे राहतो.

चाकण पडलं तो दिवस १५ ऑगस्ट. या वर्षी त्या दिवशी कंपनीला सुट्टी आहे, पोराला घेऊन सकाळी सातलाच निघणार आहे, ट्रॅफिक नसतं तेव्हा. ईशान्य कोपरा आधी दाखवणार.