फळीजवळचा अर्धा सेकंद

आज एएचएलचा सामना पाहताना नजर सतत विंगरांवरच, म्हणजे कडेने खेळणाऱ्या आक्रमकांवरच होती. आइस हॉकीत एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च लीग, एएचएल ही तिच्या खालची पायरी. ज्युनियरमध्ये, म्हणजे तरुण पोरांच्या लीगमध्ये, ढिगाने गोल करणारी पोरं इथे आली की आधी फळीजवळ, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीपाशी, अडकतात.

स्वतःच्या झोनमधून, म्हणजे आपल्या गोलाकडच्या भागातून, बाहेर पडताना पक (खेळातली रबरी चकती) फळीला घासत येतो. पोरगं मैदानाकडे पाठ करून तो घेतं, तेवढ्यात समोरचा डिफेन्समन पुढे सरसावतो आणि पक झोनच्या हद्दीवरच्या निळ्या रेषेच्या आतच हरवतो. उपाय साधा, पण अंगवळणी पडायला महिने लागतात: पक येण्याआधी खांद्यावरून एकदा मागे बघायचं, पाठ फळीकडे ठेवायची आणि जागा नसेल तर पक फळीवरच्या काचेवर आपटून झोनबाहेर काढायचा. दिसायला कुरूप, पण प्रशिक्षकाचा विश्वास इथेच मिळतो!

युरोपातून आलेल्यांचं अजून अवघड. तिथला मोठा रिंक 30 मीटर (सुमारे 98 फूट) रुंद, इथला 85 फूट, म्हणजे जवळपास 13 फूट कमी. बाहेरून वळसा घालायला जागाच उरत नाही.

शिफ्टही, म्हणजे एका वेळी बर्फावर खेळायची पाळी, 45 सेकंदांच्या आसपास हवी. मिनिटभर रेंगाळलं की पाय जड, मग स्टिकने अडवणं आणि दोन मिनिटांची शिक्षा. गोलांचे आकडे बघून या पोरांना लगेच निकालात काढू नका, कळकळीने सांगतोय.