भ_ज_म_डई

शुक्रवारी चारला डेमो होता. आमच्या टीमनं पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटं कमांड-लाइन टूल केलंय. टर्मिनलवर कमांड दिली की ते प्रोजेक्टचं नाव आणि दोन-तीन गोष्टी विचारतं आणि जिंजा टेम्प्लेटवरून (जिंजा म्हणजे साच्यातल्या रिकाम्या जागा भरणारं साधन) अख्खा सांगाडा उभा करून देतं: फोल्डर, कोड, टेस्ट, रीडमी. बाकीच्या टीमना दाखवायला एक नमुना टेम्प्लेट हवं होतं. ते काम माझ्या गळ्यात पडलं.

सकाळ गिटहब ॲक्शन्सच्या (कोडच्या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सेवेच्या) फाईलनं खाल्ली. तिच्यातही दुहेरी महिरपी कंस, जिंजातही तेच. ते आपल्यासाठीच आहेत असं समजून जिंजा त्यांच्यातलं 'सीक्रेट्स' (गिटहबवर जपलेल्या पासवर्डांसारख्या गोष्टी) शोधत बसलं आणि सापडेना म्हणून अडलं. तेवढा भाग 'रॉ' ब्लॉकमध्ये, म्हणजे जिंजा जसाच्या तसा सोडतं अशा चौकटीत, घातला आणि सुटलो. जिंजा वापरणाऱ्यांचं हे जुनंच दुखणं.

चारला 'डेमो ॲप' या नावानं दोनदा चालवून दाखवलं. छान चाललं. मग फुशारकीनं म्हणालो, "आता तुम्हीच नाव सांगा."

"दादा, मराठीत चालेल?" नव्या ज्युनिअरनं विचारलं.

"चालेल की!" पायथन ३ देवनागरी नावं घेतं, मॉड्यूलसुद्धा (कोडची फाईल) त्या नावानं इम्पोर्ट होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिनं 'भाजीमंडई' टाइप केलं. फोल्डर तयार झाला: भ_ज_म_डई.

"काना-वेलांट्या मंडईतच विकल्या वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. पुढची दोन मिनिटं डेमो कुणी ऐकला नाही.

चूक पायथनची म्हणावी तर माझीही होतीच. नावातली नको ती चिन्हं काढायला मी रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात ठरावीक नमुना शोधणारं सूत्र) लावलं होतं: जे 'वर्ड कॅरेक्टर' नाही, त्याच्या जागी अंडरस्कोर. ही सूत्रं चालवणाऱ्या पायथनच्या 're' मॉड्यूलला अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर तेवढे वर्ड कॅरेक्टर वाटतात. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या संगणकी यादीत) मात्रा, अनुस्वार, हलन्त यांचा वर्ग वेगळा, 'मार्क'. म्हणून 'भ' राहिला, काना गेला. 'ई' मात्र शाबूत, कारण तो स्वतंत्र स्वर. गंमत म्हणजे आयडेंटिफायर (कोडमधलं नाव) म्हणून 'भाजीमंडई' पायथनला बिनतक्रार चालतं. म्हणजे भाषेला मान्य असलेलं नाव मीच साफसूफ करून बिघडवलं होतं. आणि माझ्या टेस्टमधली सगळी नावं इंग्रजी! ती पास होणारच होती.

संध्याकाळी ती ओळ काढून प्रत्येक चिन्हाचा युनिकोड वर्ग तपासणारं छोटं फंक्शन लिहिलं. अक्षर, मार्क आणि अंक ठेवायचे, बाकीच्यांच्या जागी अंडरस्कोर. टेस्टमध्ये 'विठ्ठल' आणि 'कृष्णा' घातले. जुन्या कोडनं विठ्ठलाचं 'व_ठ_ठल' केलं असतं. ज्युनिअरला म्हटलं, नाव तूच दिलंस, तर रिव्ह्यूही तूच कर. तिनं दहा मिनिटांत कमेंट टाकली: "दादा, ॲपॉस्ट्रॉफी घालून पाहिलंत का?"

नव्हतं पाहिलं.